न मागवलेला दगड

उतारवयावरच्या पुस्तकांना सध्या चांगले दिवस आहेत. विमानतळावरच्या दुकानापासून गावातल्या लायब्ररीपर्यंत कुठेही जा, एखादा कप्पा त्यांचा असतोच. त्यातली बरीचशी पुस्तकं दोन सल्ल्यांवर येऊन थांबतात: आत वळा, आणि निसर्गाकडे परत जा. पहिल्या सल्ल्यामागे बहुतेक वेळा कार्ल गुस्ताव युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचं नाव असतं. दुसऱ्यासाठी मुखपृष्ठावर एखादं तळं, झाडी आणि पायवाट असते.

दोन्ही सल्ले ऐकायला बरे वाटतात. पण १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यावर इथे आलेला, आज पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेला मराठी माणूस ते वाचतो, तेव्हा दुसऱ्या सल्ल्यापाशी अडखळतो. परत जायचं म्हणजे कुठे? ज्या आंब्याखाली लहानपण गेलं त्या जागी आता इमारत आहे. आणि ज्या मेपलची पानं चाळीस वर्षं दर नोव्हेंबरात गोळा करून पिशव्यांत भरली, त्याच्याकडे ‘परत’ कसं जायचं? त्याची ओळख मुळात झाली होती का?

हा प्रश्न मनात ठेवून तीन पुस्तकं शेजारी शेजारी वाचण्यासारखी आहेत. एक युंगचं आत्मकथन, ‘मेमरीज, ड्रीम्स, रिफ्लेक्शन्स’. दुसरं जेम्स हिलमनचं ‘द फोर्स ऑफ कॅरॅक्टर’. आणि तिसरं आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असलेलं, दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. पहिली दोन नेणिवेच्या मानसशास्त्राच्या परंपरेतली आहेत. तिसऱ्याचा त्या परंपरेशी काही संबंध नाही. तरीही पहिल्या दोघांचं जिथे अडतं तिथे तिसरं उपयोगी पडतं, असं मला वाटतं.

युंगपासून सुरुवात करू. फ्रॉइडचं बहुतेक लक्ष बालपणावर होतं. आयुष्याच्या उत्तरार्धाला स्वतःचं काही काम असतं, हे या परंपरेत ठामपणे मांडलं ते युंगने. १९३०-३१ च्या ‘द स्टेजेस ऑफ लाइफ’ या निबंधात त्याने आयुष्याला सूर्याच्या दिवसभराच्या प्रवासाची उपमा दिली. सकाळी सूर्य चढतो, उजेड पसरवतो. माध्यान्हीनंतर तोच सूर्य उतरू लागतो आणि किरणं आवरून घेऊ लागतो. युंगचं म्हणणं असं, की सकाळचे नियम दुपारनंतर चालत नाहीत. शिक्षण, नोकरी, घर, मुलं, नाव हे सकाळचं काम. तेच दुपारीही ओढत राहिलं की माणूस आतून कोरडा आणि चिडका होतो. माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो, तर त्या लांबीलाही काही अर्थ असला पाहिजे; आयुष्याची संध्याकाळ म्हणजे सकाळीला जोडलेलं एक केविलवाणं शेपूट नव्हे. आणि चाळिशीतल्या माणसांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करणाऱ्या शाळा कुठे आहेत, असंही तो विचारतो.

हा निबंध परदेशातल्या मराठी वाचकाला चटकन पटतो, कारण आपल्या पिढ्यांची ‘सकाळ’ फारच लांबली. व्हिसा, ग्रीन कार्ड, घराचे हप्ते, मुलांची कॉलेजं, मग भारतातल्या आईवडिलांसाठी वर्षाला दोनदा धावपळ. या सगळ्यात माध्यान्ह कधी टळली ते कळतच नाही. रिटायरमेंटच्या पार्टीत केक कापला जातो, सोमवारी सकाळी अलार्म वाजत नाही, आणि मग लक्षात येतं की उन्हं केव्हाच कलली आहेत.

युंग हे नुसतं सांगून थांबला नाही. १९२३ मध्ये, आई वारली त्या वर्षी, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या वयात त्याने झुरिक सरोवराच्या वरच्या टोकाला बोलिंगेन इथे एक गोल दगडी बुरूज बांधायला घेतला. १९२७, १९३१, १९३५ असं दर चार वर्षांनी त्यात काहीतरी वाढत गेलं: एक जोडइमारत, एकांताची खोली, अंगण. शेवटचा मजला पत्नी एमाच्या मृत्यूनंतर, म्हणजे ऐंशीच्या वयात चढवला. तिथे वीज घेतली नाही. पाणी विहिरीचं, स्वयंपाक चुलीवर, संध्याकाळी दिवे लावायचे, लाकडं स्वतः फोडायची. आत्मकथनातलं या बुरुजावरचं प्रकरण हे त्या पुस्तकातलं सगळ्यात शांत प्रकरण आहे. झाडात, लाटांत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांत आपणच पसरलो आहोत असं तिथे वाटतं, अशा अर्थाचं तो लिहितो.

या प्रकरणात एका दगडाची गोष्ट आहे. १९५० साली बागेच्या भिंतीसाठी युंगने जवळच्या खाणीतून दगड मागवले. कोपऱ्याचा दगड त्रिकोणी हवा होता. मापं दिलेली होती. होडीतून माल उतरला तेव्हा त्या जागी एक भला मोठा चौकोनी ठोकळा निघाला. गवंडी भडकला, परत न्या म्हणाला. युंगने मात्र तो ठेवून घेतला. हाच माझा दगड, असं त्याने ठरवलं. मग छिन्नी-हातोडी घेऊन, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यावर ग्रीक आणि लॅटिन ओळी कोरल्या. भिंतीत न बसलेला तो दगड आजही तिथे तळ्याकाठी आहे.

युंगवर लिहिणारे बहुतेकजण या दगडावरच्या अक्षरांचा अर्थ लावत बसतात. मला त्याच्या येण्यात जास्त रस आहे. मागवला एक, आला दुसरा. आलेला ठेवून घेतला आणि त्यावर हात चालवला. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ. त्याआधी युंगच्या या चित्रात दोन गोष्टी खटकतात, त्या बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट घरातली आहे. बोलिंगेनमध्ये युंग स्वतः रांधत होता, हे खरं. पण बोलिंगेन हे त्याचं एकांताचं ठिकाण. संसार क्युसनाख्टच्या घरात चालत होता. पाच मुलं, येणारे-जाणारे रुग्ण, पाहुणे. ते घर सांभाळणारी एमा श्रीमंत घरातली. शाफहाउझनचा घड्याळांचा कारखाना तिच्या माहेरचा. तरुण युंगला पगाराची नोकरी सोडून स्वतःच्या वाटेने जाता आलं, त्यामागे तो पैसा होता. एमा स्वतः विश्लेषक म्हणून काम करत होती आणि अनेक वर्षं ‘होली ग्रेल’च्या आख्यायिकेवर संशोधन करत होती. ते तिच्या हयातीत पूर्ण झालं नाही. १९५५ मध्ये ती गेली. मारी-लुईझ फॉन फ्रान्झने ते पुढे नेऊन पुरं केलं. एवढं असून आत्मकथनात एमा जवळजवळ दिसतच नाही. हे पुस्तक १९५७ पासून आनिएला याफेने युंगशी बोलून सिद्ध केलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर आलं. काय ठेवायचं, काय गाळायचं यात बऱ्याच जणांचा हात होता. तरीही ही अनुपस्थिती डोळ्यांत भरते.

आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, की अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवंड झालं की गृहस्थाने वनात जावं. पत्नीला मुलांच्या हवाली करावं किंवा बरोबर न्यावं. बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य निघाला तेव्हा मैत्रेयीने त्याला अमृतत्वाबद्दल विचारलं, आणि तो संवाद अजरामर झाला. दुसरी पत्नी कात्यायनी. तिचं पुढे काय झालं, हे उपनिषद सांगत नाही. अंतर्मुख होणाऱ्या प्रत्येक पुरुषामागे एक कात्यायनी घर चालवत असते. ‘आत वळा’ हा सल्ला वाचणाऱ्याने आपल्या घरात ती कोण आहे, एवढं तरी बघावं. आपल्या मंडळांतल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. नवरा ‘स्वतःचा शोध’ घेत असताना त्याच्या गोळ्यांचा साप्ताहिक डबा कोण भरतं, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची आहे, आणि ती थेट निसर्गाबद्दल आहे. युंगची एक प्रसिद्ध हकीकत आहे. एक सुशिक्षित, फार तर्कनिष्ठ रुग्ण बाई त्याला आपलं स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला सोन्याचा भुंगा, इजिप्शियन स्कॅरॅब, मिळाला होता. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडली आणि आत उडत आलेला सोनेरी-हिरवा भुंगा पकडून बाईच्या हातात दिला: हा घ्या तुमचा स्कॅरॅब. बाईची अडलेली गाडी त्या क्षणी सुटली. १९५२ च्या ‘सिंक्रोनिसिटी’वरच्या पुस्तकात युंगने ही हकीकत अर्थपूर्ण योगायोगाचा नमुना म्हणून सांगितली.

हकीकत छान आहे. पण ती एकदा भुंग्याच्या बाजूने वाचून पाहा. एक जिवंत किडा खोलीत येतो आणि क्षणात माणसाच्या मनातलं चिन्ह होऊन बसतो. तो कुठून आला, कुठल्या फुलांवर जगतो, त्या अंधाऱ्या खोलीकडे का वळला, याला हकीकतीत फारशी जागा नाही. बाई बरी झाली, हे चांगलंच. पण भुंग्याशी कुणाची ओळख झाली नाही. युंगच्या लेखनात निसर्ग पुष्कळ आहे आणि प्रेमाने आलेला आहे. तरी तो वारंवार आरसा होतो. झाडात मी, लाटेत मी, प्राण्यात मी. हे एकरूप होणं सुखाचं असेल, पण त्यात झाडाला झाड म्हणून फारच थोडी जागा उरते.

हा आरसा परदेशस्थ माणसाच्या हातात आला की त्याचं काय होतं, ते आपण रोज बघतो. आपला आरसा आपल्याला बालपण दाखवतो. वय वाढतं तसं कोकण, देश, वऱ्हाड, जिथलं असेल तिथलं अंगण अधिकाधिक लख्ख दिसू लागतं. कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरात घरात घ्यायची, मे महिन्यात डेकवर ठेवायची. तळघरात दिव्याखाली अळू जगवायचं. तुळशीला थंडी बाधू नये म्हणून खिडकीशी जागा करायची. याची चेष्टा करण्याचं कारण नाही. त्या कुंड्या म्हणजे हातांना असलेली आठवण आहे. पण यालाच ‘निसर्गाशी पुन्हा जोडलं जाणं’ म्हणायचं, तर आपण स्वतःच्या भूतकाळाशीच बोलत बसलो आहोत. कुंडीच्या पलीकडे, कुंपणापाशी उभा असलेला ओक या संभाषणात नाही.

इथे हिलमन येतो. जेम्स हिलमन १९२६ साली न्यू जर्सीत, अटलांटिक सिटीत जन्मला आणि २०११ मध्ये कनेटिकटमध्ये वारला. झुरिकच्या युंग इन्स्टिट्यूटमध्ये तो बरीच वर्षं अभ्यासप्रमुख होता. म्हणजे माणूस घरातलाच, पण घरातल्या थोरल्याशी वाद घालणारा. १९९२ मध्ये मायकेल व्हेंचुराबरोबर त्याने एक पुस्तक काढलं. त्याचं नावच असं, की मानसोपचाराची शंभर वर्षं झाली आणि जग बिघडतच चाललंय. त्यातला मुद्दा असा: माणूस कुरूप इमारतीत, घाणेरड्या हवेत, तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून अस्वस्थ होतो आणि आपण त्याला त्याच्या आईबद्दल विचारतो. आजार रस्त्यावर असताना शोध खोलीत चाललाय. मन फक्त कातडीच्या आत असतं, हे गृहीतच हिलमनला मान्य नव्हतं.

सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, त्याने ‘द फोर्स ऑफ कॅरॅक्टर’ लिहिलं. म्हातारपणावरचं इतकं खट्याळ पुस्तक क्वचित वाचायला मिळतं. म्हातारपणाच्या एकेका तक्रारीला त्याने एकेक प्रकरण दिलंय: तीच तीच गोष्ट सांगणं, रात्री जाग येणं, कातडी लोंबणं, चिडचिड, कालचं विसरणं आणि साठ वर्षांपूर्वीचं आठवणं. त्याचं म्हणणं, या गोष्टींकडे केवळ बिघाड म्हणून पाहू नका; माणसाचा पिंड यातूनच उघडा पडतो. आजोबा तीच गोष्ट पुन्हा सांगतात, कारण गोष्ट तशीच टिकते. त्या प्रकरणानंतर मंडळाच्या पिकनिकमध्ये तीच जुनी विमानप्रवासाची कहाणी पाचव्यांदा ऐकणं थोडं सोपं जातं.

तरी हिलमनचंही सगळं पटत नाही. प्रत्येक दुखण्यात अर्थ शोधण्याची त्याची हौस कधी कधी दुखणाऱ्यावर अन्याय करते. रात्री तीनला जाग येण्यात गूढ संधी असेल. पण डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याबरोबर रोज रात्री तीनला उठणाऱ्या बाईला त्या संधीचं काय करायचं? आणि ज्या ‘जगाकडे’ वळायला तो सांगतो, ते त्याच्या पुस्तकात बरंचसं कल्पनेतलंच राहतं. तो पुराणकथा आणतो, शब्दांची मुळं उकलतो. बाहेर बघा, असं तो कळकळीने सांगतो. मात्र बाहेर नेमकं काय दिसतं, याची नोंद त्याच्याकडे थोडी आहे.

ती नोंद दुर्गाबाईंकडे आहे. ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आलं, तेव्हा दुर्गाबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. युंगच्या हिशेबाने अगदी माध्यान्हीनंतरच्या. आदिवासी भागात संशोधन करत असताना विषबाधा होऊन त्यांची उमेदीची कित्येक वर्षं आजारात गेली होती. डॉक्टरेटची वाट त्यातच सुटली. आत वळायला याहून मोठं निमित्त कुठलं? त्यांनी मात्र त्या आजाराचं भांडवल केलं नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख लिहिला. कुठलं झाड कधी मोहरतं, कुठली पालवी कुठल्या रंगाने फुटते, वास कसा पालटतो, लोक त्या महिन्याला काय म्हणतात. त्या मुंबईत राहत होत्या. तळ्याकाठी बुरूज बांधायची त्यांना गरज पडली नाही.

आपण बहुतेकजण ‘ऋतुचक्र’ हळवे होऊन वाचतो. इथल्या बर्फात बसून वैशाखाचं वर्णन वाचायचं आणि डोळे पुसायचे. हा त्या पुस्तकाचा सगळ्यात कमी उपयोग आहे, असं मी म्हणेन. त्यातला मजकूर मोसमी पावसाच्या प्रदेशाचा आहे. तो इथे लागू पडत नाही आणि पडणारही नाही. लागू पडते ती रीत. एका जागी राहून, महिन्यामागून महिना, समोर जे आहे त्याकडे बघायचं. त्याचं नाव विचारायचं. लोक त्याच्याबद्दल काय सांगतात ते ऐकायचं. आणि आपली भावना थोडा वेळ बाजूला ठेवायची. त्या पानांत लेखिका आहे, पण ती झाडाच्या आड उभी राहत नाही आणि झाडापुढेही येत नाही. युंगचा आरसा इथे खिडकी होतो.

ही रीत इथे वापरून पाहिली तर काय दिसतं? कालनिर्णयमध्ये चैत्र लागतो तेव्हा न्यू जर्सीत झाडं उघडीबोडकी असतात, म्हणून आपण म्हणतो, इथे चैत्र नाही. पण त्याच सुमारास रेड मेपलच्या पानं नसलेल्या फांद्यांवर बारीक लाल फुलं येतात. दुरून पाहिलं तर सगळ्या झाडावर तांबूस धूर बसल्यासारखा वाटतो. पिंपळाच्या तांबूस पालवीशी त्याचं काही नातं नाही. तो या जागेचा चैत्र आहे, आणि तो बघायला रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं थांबावं लागतं.

किंवा ऑक्टोबरातली पानं घ्या, ज्यांचे फोटो आपण दरवर्षी भारतात पाठवतो. पानातला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो; हिरवं हरितद्रव्य ओसरलं की तो दिसू लागतो. मेपलचा लाल रंग मात्र बराचसा नव्याने तयार होतो, पान गळायला आलेलं असताना. हे कळलं की उतारवयाचा सुविचार लगेच सुचतो: शेवटी शेवटीही नवा रंग चढतो वगैरे. मोह आवरावा. झाड हा रंग आपल्याला धीर द्यायला करत नाही. गळणाऱ्या पानातलं नत्र ते खोडात परत ओढून घेत असतं, आणि त्या काळात पानाचं उन्हापासून रक्षण व्हावं म्हणून ही लाली असावी, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. ते झाडाचं स्वतःचं काम आहे. ते काम कळलं की झाड आपल्यासाठी सुविचाराचं कार्ड राहत नाही, शेजारी होतं.

आणि सिकाडा. मेरीलंड, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीच्या काही भागांत राहणाऱ्यांना ‘ब्रूड टेन’ सांगायला नको. हे कीटक सतरा वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पिऊन राहतात. मग एका वसंतात, माती पुरेशी उबदार झाली की, लाखोंनी वर येतात, काही आठवडे कानठळ्या बसवतात, फांद्यांत अंडी घालतात आणि संपतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं पुन्हा जमिनीत जातात. ते आले १९७०, १९८७, २००४ आणि २०२१ मध्ये. पुढच्या वेळी येतील २०३८ मध्ये.

आता हे आकडे एखाद्या आयुष्याला लावून बघा. पंचविशीत, १९७० च्या वसंतात, बाल्टिमोरजवळ येऊन उतरलेला इंजिनीअर. पहिल्या खेपेला त्याला वाटलं असेल, हा काय भयंकर देश आहे. दुसऱ्या खेपेला तो बेचाळीस वर्षांचा. गाडीच्या काचेवरून किडे झाडत कामावर गेला. तिसऱ्या खेपेला एकोणसाठ. चौथ्या खेपेला शहात्तर, आणि बहुधा प्रथमच नातवाचा हात धरून अंगणात बसायला वेळ होता. पाचव्या खेपेला तो त्र्याण्णव वर्षांचा असेल, किंवा नसेल. त्याच्या इथल्या मुक्कामाचं इतकं चोख कालमापन दुसऱ्या कशाने झालं नसतं. ग्रीन कार्डाने नाही, घराच्या हप्त्यांनीही नाही. पायाखालच्या मातीत हे सगळं चाललं होतं, तो त्यावरून गवत कापत फिरत होता.

युंगच्या भुंग्याहून हे किडे वेगळे आहेत. ते कुणाच्या स्वप्नाला उत्तर द्यायला येत नाहीत. त्यांना आपलं काही देणंघेणं नाही. मला यातच उतारवयाचा खरा दिलासा दिसतो. आपल्याशिवायही सुरळीत चाललेलं, आपल्याआधी सुरू झालेलं आणि आपल्यानंतर चालू राहणारं काही दारात आहे, आणि त्याच्याशी ओळख करून घेता येते. स्वतःच्या आत कितीही खोल गेलं तरी हा दिलासा तिथे नाही, कारण तिथे जे आहे ते आपल्याबरोबरच संपणार आहे. युंग इथे वाद घालेल. नेणिवेचा तळ एकट्या माणसाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो, असं त्याचं म्हणणं होतं. असेलही. पण त्या तळापर्यंत पोचल्याची खात्री कुणाला देता येते? ओकपर्यंत मात्र चपला घालून जाता येतं.

या ओळखीत भाषेची अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ‘पळस’ म्हटल्यावर जे मनात पेटतं ते ‘डॉगवुड’ म्हटल्यावर पेटत नाही. या झाडांना मराठी नावं नाहीत, त्यांच्यावर ओव्या नाहीत, त्यांची व्रतं नाहीत. नावं इंग्रजीत शिकावी लागतात, आणि ती बहुतेक वेळा नातवंडांना आधीच येत असतात, शाळेतून. सातवीतली मुलगी आजीला सांगते की ही ब्लू जे, हा कार्डिनल. लाल असतो तो नर. मनूच्या वेळी नातवंडाचं तोंड पाहून माणूस वनाकडे निघायचा. इथे नातवंडच हाताला धरून वनात नेतं. युंगला हव्या होत्या त्या उतारवयाच्या शाळा कदाचित अशाच असतील, जिथे शिकवणारा बारा वर्षांचा आहे. आणि आजीने त्या कार्डिनलबद्दल मराठीत चार वाक्यं लिहून ठेवली, तर आपल्या भाषेत एका पक्ष्याची भर पडेल. इथले मराठी लोक शेकडो कविता-लेख लिहितात. त्यातले बरेच गेलेल्या गावाबद्दल असतात. राहत्या गावाचं ऋतुचक्र अजून कुणी लिहायचं आहे.

गाव विसरा, असं मी म्हणत नाही. जे गेलं त्याचं दुःख खरं आहे आणि म्हातारपणी ते अधिक बोचतं. कुणाला परत जाऊन तिथेच डोळे मिटावेसे वाटतात, त्यांनी जावं. पण जे राहिले आहेत, आणि राहणार आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या जमिनीवर आयुष्यातली पन्नास वर्षं गेली, ती जमीन शेवटपर्यंत फक्त नोकरीची जागाच राहणार का?

युंगच्या दगडाकडे परत येतो. नेणिवेच्या मानसशास्त्राने त्या दगडावरच्या अक्षरांना महत्त्व दिलं. माझ्या वाचनात महत्त्वाची आहे ती चुकलेली माप, भडकलेला गवंडी आणि दगड ठेवून घेणारा म्हातारा. आपल्यापैकी बहुतेकांनी मागवलं होतं ते काहीतरी वेगळंच: दोन वर्षांची डिग्री, चार पैसे, मग परत. होडीतून उतरलं ते हे: थंडी, मेपल, ओक, सतरा वर्षांनी येणारे किडे. आखलेल्या भिंतीत ते बसत नाही. ते परत पाठवण्याची वेळही आता निघून गेली आहे. निदान जवळ जाऊन त्यावर हात फिरवून बघावा, तो कुठल्या खाणीचा आहे ते विचारावं. २०३८ च्या मे महिन्यात आपल्यापैकी जे असतील, त्यांनी दारं-खिडक्या लावून घेण्याआधी बाहेर खुर्ची टाकावी.